डब्यातले चिचोके

गुरुजी, त्या पत्र्याच्या डब्याला काही पैसे लागले नव्हते. डबा तेलाचा, रिकामा. चिचोके शाळेपुढच्या चिंचेचे. खरी किंमत तुम्ही भरली. तपासणीला आलेल्या साहेबांना वर्ग गप्प दिसला, पोरं पाढे घोकत नाहीत असा शेरा पडला आणि तुमची बदली मुकुटबनच्या पलीकडे झाली. म्हातारी आई इथं एकटी राहिली. ती गेली तेव्हा तुम्ही वाटेत होता. हे मला तुम्हीही वारल्यावर कळलं.

दुसरीचा वर्ग. सगळे एका सुरात पाढे म्हणताहेत. मला एकही येत नाही, पण कान तिखट. शेजाऱ्याच्या तोंडून शब्द निघाला की तो उचलून अर्धा श्वास मागे मीही म्हणतो. तुम्ही फळ्याकडे तोंड करून उभे. न वळताच म्हणालात, "तू मांगून बोलून राह्यला बे." वाटलं, आता छडी. तुम्ही डबा काढला. "डोये मीट. बोलू नको, आयक." टण्. मग बराच वेळ काही नाही. टण्. दोन चिचोक्यांमधली ती शांतता मला अजून भिववते. "किती?" "सात." "काहून सात?" "सात डाव वाजलं, गुरुजी." "हे तुहं हाय. शेजाऱ्याचं नाही." मग तांड्यावरची पोरं त्यांच्या बोलीत मोजू लागली, कोलामांच्या वस्तीवरची, पोडावरची, त्यांच्या. तुम्ही सगळ्यांचं खरं धरलं, घाई कुणालाच केली नाही.

त्या कानांवर मी उभा राहिलो. कापसाच्या जिनिंगमध्ये हमाल म्हणून शिरलो, आज मारेगावात माझी स्वतःची जिनिंग आहे. शेठ हापिसात बसून कोणत्या मशीनचा रोलर ढिला झाला ते सांगते, असं लोक म्हणतात. मीही म्हणतो, वर चहा पाजतो. फक्त मशिनी थांबल्या की डबा वाजायला लागतो, आणि पाठमोरे तुम्ही कुठंतरी जवळच उभे असता.

मागच्या महिन्यात मी आपल्या शाळेला मोठा टीव्ही दिला, बघायला वर्गात गेलो. टीव्ही अंक म्हणतो, पोरं मागून ओरडतात. मी खूश. तेवढ्यात शेवटच्या ओळीत पोडावरची एक पोरगी दिसली, अर्धा श्वास मागे. ही अशीच ओरडत चौथी पास होणार, आणि कुणाला कळणारही नाही. म्हटलं, "म्याडम, हे बंद करा." त्या हसल्या, "काहून भाऊ, आवाज कमी पडला काय?" डबा मागवला, चिचोके आणवले. पोरीनं डोळे मिटले. मी एकेक टाकला आणि थांबलो. वर्ग चुळबुळला, मॅडम उत्तर सुचवायला निघाल्या, मी हात वर केला. पोरगी ओठांतल्या ओठांत तिच्या बोलीत काही पुटपुटली आणि पाच बोटं उघडली. पाचच होते.

आता डबा मॅडमच्या टेबलावर असतो; आधी तो, टीव्ही नंतर. त्यांनी विचारलं, "भाऊ, एवढ्या कल्ल्यात ती मांगून बोलते हे तुमाले कसं आयकू आलं?" मी ऐटीत सांगितलं, "गुरुजींनी घडवलेले कान हायेत."

हा कागद घरातच राहणार, म्हणून लिहितो. मी तिचे ओठ पाहिले होते. चिचोका डब्यात वाजल्याचंही मला पोरांच्या चेहऱ्यांवरून कळत होतं. मशिनींनी कान कधीच खाल्ले. आत्ताही टण्, टण् चालू आहे; डॉक्टर म्हणतात, तो डबा नाही, बहिरेपण आहे.