छत्तीस मीटरांच्या खुणा

सातारा, ९ जानेवारी २०२४

तीर्थरूप दादास उमाचा शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, म्हणून पत्र. परवाच्या शुक्रवारी पाटणहून येताना पुष्करच्या गाडीखाली धनाजी नावाचा मेंढपाळ गेला. तो अचानक आडवा आला, गाडी चाळीसनेच होती, असं पुष्करने पोलिसांना सांगितलं. माझा लेक खोटं बोलत नाही. पण चार दिवस जेवताना तो माझ्याकडे बघत नाही. काल एसटीने जाऊन मी रस्त्यावरच्या टायरच्या काळ्या खुणा मोजल्या. शिवणाची दीड मीटरची टेप चोवीस वेळा मांडली. खुणा सुरू होतात तिथून पंचवीस मीटरवर धनाजी होता, असं टपरीवाल्या कृष्णातने दाखवलं. तू जन्मभर फिजिक्स शिकवलंस. पुष्कर खरं बोलतोय, एवढं मला गणित करून सांग.

वहिनीला नमस्कार. माझ्यावरची माया आता पातळ करू नकोस.

तुझी उमा

सांगली, १३ जानेवारी

चि. उमास अनेक आशीर्वाद.

त्वरणाची गणितं आली की तुझं डोकं दुखायचं, आणि आता टेप घेऊन रस्त्यावर बसलीस! मोजमाप मात्र चोख आहे.

कोरड्या डांबरावर करकचून ब्रेक दाबला, की दर सेकंदाला वेग साधारण आठ मीटर प्रति सेकंदाने उतरतो. तो एकसारखा उतरतो असं धरायचं. मग आठ गुणिले छत्तीस, त्याची दुप्पट, त्याचं वर्गमूळ. सेकंदाला चोवीस मीटर, म्हणजे ताशी शहाऐंशी किलोमीटर. तीनदा करून पाहिलं. धडकेत थोडा वेग गेला असेल, तर मुळातला याहून जास्तच. चाळीसने असती, तर गाडी आठ मीटरांत थांबली असती.

हे पत्र फाडलंस तरी मी विचारणार नाही. मामा आहे मी त्याचा. गणित पाच मिनिटांचं होतं, लिहायला दोन दिवस लागले.

प्रकृतीला जप. पुष्करला जवळ घे.

चिंतामण

सातारा, १९ जानेवारी

ती. दादास नमस्कार.

पत्र पुष्करपुढे ठेवलं. वाचून तो ढसाढसा रडला. तुरुंगाची भीती वाटली म्हणाला. उद्या आम्ही दोघं पोलिसांत जातो, तो जबाब बदलणार आहे.

आज मी धनाजीच्या बायकोकडे, रंगुबाईकडे गेले होते. ती शिव्या देईल असं वाटलं होतं. ती उलट मलाच सांगू लागली, की मीच त्यास्नी पान्याला रस्त्यापल्याड धाडलं, माज्यामुळंच गेलं. दोन आठवडे ती हेच म्हणते आहे, आणि जावाही तिला तेच ऐकवतात. मी तिला तुझं गणित सांगितलं. तिला कळेना. मग तिला रस्त्यावर नेलं. ती धनाजीच्या जागी उभी राहिली आणि चाळीसने असती तर गाडी जिथे थांबली असती, तिथे मी. मध्ये तिची सगळी मेंढरं मावली असती, दादा. एवढी जागा व्हती व्हय, म्हणाली, आणि मटकन खाली बसली.

आशीर्वाद दे. आता तोच लागेल.

उमा