वायर सैल नव्हती

१९ मार्च, दुपार

प्रिय कर्णा,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. तुझ्या वहिनीचा गुडघा थंडी गेल्यापासून बरा आहे. तुझ्या भाचीला पुढच्या महिन्यापासून नोकरीत कायम करताहेत. मला आज सकाळी सभागृहातून उचलून गोदामात बसवलंय. पंखा चांगला आहे.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहितोय. नगरसेविका झालीस, चाळिशी उलटली, तरी मी कर्णाच म्हणणार, लाउडस्पीकरचा कर्णा. लहानपणी तू दारातून हाक मारलीस की गल्लीच्या टोकाला जाणारा थांबायचा.

तुझ्या मिस्टरांकडून कळलं की तू घराबाहेर पडत नाहीस. पुलावरून पडून गेलेल्या त्या शिंपीमास्तरांची बायको दारात येऊन म्हणाली म्हणे, "ताई, तुम्ही होतात ना त्या सभेत? मग तोंडाला कुलूप का लावलंत?" तू सांगितलंस, माईक बंद पडला होता. मागे उभे असलेले दोघेतिघे हसले. बरोबर सांगितलं ना त्यांनी?

मला कुठलीही गोष्ट पहिल्यापासून सांगितल्याशिवाय जमत नाही. तर ऐक.

पूल अर्धा तुमच्या शहराचा, अर्धा आमच्या. मधली लोखंडी पट्टी ही हद्द. तुमचा कठडा निळा, आमचा पिवळा, आणि रंगाखाली दोन्हीकडे सारखाच गंज. तुमच्या महापौरबाई आणि आमचे महापौरसाहेब यांचं विळ्याभोपळ्याचं सख्य, सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्या संयुक्त सभेत दोघांचं गूळपीठ जमलं. कठडे बदलायला ठेवलेला पैसा दोन टोकांच्या दोन स्वागतकमानींना द्यायचा. कुणाची कमान उंच, एवढाच काय तो वाद, पण त्याच्या गोंगाटात माईकशिवाय तुझाही आवाज पोचला नसता.

सभा आमच्या हॉलमध्ये होती. तुमच्याकडे ज्याच्या त्याच्या बाकाला माईकचं बटण असतं. आमच्याकडे सगळे खटके माझ्या टेबलावर. ते टेबल मी स्वतः जोडलंय. शाळा आठवीत सुटली, बाकीचं रेडिओ उघडून उघडून शिकलो. त्या हॉलमध्ये आजवर एकदाही शिट्टी वाजलेली नाही, एकाही भाषणात खरखर आलेली नाही.

आणि तिथे एक पद्धत आहे, ती तुला माहीत असायचं कारण नाही. साहेब चष्मा काढून पुसायला लागले की बोलणाऱ्याचा खटका खाली करायचा. आधीचे साहेब कान खाजवायचे. कुणी मला कधी शिकवलं नाही, कुणी कधी हुकूमही दिला नाही. नजर वर ठेवायची, बस. मला वाटायचं, हाही कामातला बारकावाच.

तू उठलीस. "कठड्याबद्दल बोलायचंय," एवढं हॉलमध्ये ऐकू आलं. साहेबांनी चष्मा काढला.

नंतर जिन्यात मी तुला म्हणालो, वायर सैल झाली होती. तू म्हणालीस, "जाऊ दे दादा, होतं असं." कर्णा, माझ्या हॉलमध्ये वायर सैल नसते. दुसरं कुणी असं म्हणालं असतं तर मी त्याच्याशी बोलणं टाकलं असतं. त्या दिवशी ते मीच म्हणालो आणि मला काहीच वाटलं नाही. घरी आलो, जेवलो, कुकरची शिट्टी बिघडली होती ती दुरुस्त केली.

मग कमानींवरचे दिवे बघायला गर्दी लोटली त्या संध्याकाळी कठडा निसटला आणि मास्तर खाली गेले. दुसऱ्या दिवशी दोन्हीकडचे लोक टेप घेऊन पुलावर आले, हद्द मोजायला. मी बघत उभा होतो. तेव्हाही काही वाटलं नाही. तुझी वहिनी म्हणते, तुम्ही हल्ली रेकॉर्ड लावल्यासारखे बोलता.

काल त्याच हॉलमध्ये चौकशी समितीपुढे साहेब म्हणाले, त्या सभेत कठड्याचा धोका कुणीच मांडला नव्हता. तुमच्या बाईंनी मान डोलावली. मला फक्त माईक लावायला बोलावलं होतं. मी हात वर केला, म्हटलं, मांडला होता, माझ्या बहिणीने; माईक बंद होता, तरी मी ऐकलंय.

अध्यक्षबाई निवृत्त न्यायाधीश आहेत. त्या म्हणाल्या, "माईक बंद असताना तुम्ही ऐकलंत कसं? आणि बहिणीसाठी कोण काय बोलत नाही?" मी म्हटलं, बाई, इकडे या. त्यांना टेबलापाशी बसवलं, कानाला हेडफोन दिला. तू बसली होतीस त्या बाकाचा खटका खाली केला आणि शिपायाला म्हटलं, जा, त्या माईकसमोर हळू काहीतरी बोल. हॉलमध्ये कुणाला काही ऐकू आलं नाही. अध्यक्षबाई मात्र एकदम ताठ बसल्या. खटका हॉल बंद करतो, माझा हेडफोन बंद करत नाही. खरखर शोधायला मीच तसं जोडून घेतलंय.

मग मी तुझं बोलणं सांगितलं, जसंच्या तसं. "मी स्वतः गज हलवून आलेय, हातात येताहेत. कमानी नंतर बांधा. उद्या कोणी पडलं तर कुणाच्या हद्दीत पडलं हे मोजत बसणार आहात का?"

साहेबांनी चष्मा काढला, पुसू लागले. मी साक्षीच्या माईकपुढे उभा, म्हणून टेबलाशी माझ्या जागी नवा माणूस बसला होता, त्याला खूण ठाऊक नव्हती. माझा माईक चालूच राहिला. खटका कुणी खाली केला, कुणाच्या खुणेवरून, तेही सांगून टाकलं.

मास्तरांची बायको मागच्या बाकावर होती. सगळं ऐकून उठली आणि निघून गेली. माझ्याकडे बघितलं नाही. तुझ्याकडे येईल असं वाटतं. आली तर दार उघड.

एक गोष्ट मात्र मी समितीला सांगितली नाही. ती तुझी-माझी आहे. शेवटी तू माईकवर वाकलीस, माझ्याकडे बघितलंस आणि हळूच म्हणालीस, "दादा, आवाज येतोय का रे?" मी हातानेच खूण केली, वायर, वायर.

येत होता, कर्णा. शेवटच्या शब्दापर्यंत स्वच्छ येत होता.

ज्याला ऐकू येत होतं तो,
तुझा दादा