सातवा रकाना

६ मार्च
सापडत नाही! पुस्तकातलं पान न् पान पालथं घातलं. स्नेक प्लांटच्या चौसष्ट जाती — रुपेरी, बुटक्या, पिवळ्या काठाच्या — आणि माझ्या झाडासारखं एकही नाही. सगळ्यांचं पिवळं काठाला, माझ्याचं मधोमध. एकच रेघ, बुडापासून टोकापर्यंत. चष्म्याच्या काचा घासण्यात आयुष्य गेलं माझं, अर्ध्या मिलिमीटरची चूक मला दिसते. ही रेघ कुठेच चुकत नाही.

हे म्हणाले, "झाडच आहे ना? पासपोर्ट काढायचाय का त्याचा?"

७ मार्च
झाडप्रेमी मंडळात फोन केला. नोंदणी बघणाऱ्या बाई पूर्वी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. अजूनही वर्गात असल्यासारख्या बोलतात! जात खरंच नवी असेल, तर नाव ठेवायचा मान माझा. मात्र याच झाडापासून आणखी झाडं करून दाखवायची. रेघ तश्शी उतरली पाहिजे.

नाव मी ठेवणार! मुलीचं ठेवायचं होतं, तेव्हा सासूबाईंनी आपलंच खरं केलं.

८ मार्च
एका पानाचे सहा तुकडे, सहा ग्लासांत. एक घरी, पाच आमच्या चष्म्याच्या दुकानात वाटले. "पिवळ्या रेघेचं झाड देतेय, फुकट! जपा!" केवढी ती माझी ऐट.

११ एप्रिल
मुळं फुटली!!

१९ जुलै
सपशेल तोंडावर पडले. सहाही ग्लासांत कोंब आले, सहाही हिरवेगार. रेघ सोडा, ठिपकासुद्धा नाही. काउंटरवरची म्हणाली, "मॅडम, माझी रेघ वाटेत सांडली वाटतं." सगळं दुकान हसलं. मीही हसले, आणि मग मशीनपाशी जाऊन गुपचूप काचा घासत बसले.

२० जुलै
बाईंना सांगितलं, तर त्या मनसोक्त हसल्या. "पानापासून केलंत? अहो, सगळे हीच चूक करतात! पानातून रेघ उतरत नाही. मुळांसकट दोन भाग करायचे. सुरी घ्या आणि धीर करा."

सुरी. ते एकदा बघितलंय मी.

झाड मूळचं आईचं. तिच्याकडेही रेघ होतीच, आम्हाला वाटायचं सगळ्याच झाडांना असते. आई गेल्यावर घर आवरताना बाकी सगळं शहाण्यासारखं वाटून घेतलं, अडलं ते या कुंडीवर. ताई म्हणाली, "तुझ्याकडे मरेल." मी म्हणाले, "तुझ्या हातून तर प्लास्टिकची फुलंही सुकतात." मग आणखी बरंच. ते इथेही लिहवत नाही. एरवी ती मला चिमटी म्हणायची — लहानपणी भांडणात चिमटे काढायचे ना मी! त्या दिवशी जन्मात पहिल्यांदा तिने मला पूर्ण नावाने हाक मारली. ब्रेडची सुरी आणली, झाड उभं चिरलं आणि अर्धं माझ्या हातात दिलं.

नऊ वर्षं झाली. एक शब्द नाही.

म्हणजे ताईने केलं तेच बरोबर होतं. निदान झाडाच्या बाबतीत.

२६ जुलै
कापलं! चांगला चष्मा लावून, माप घेऊन. दोन भाग दोन कुंड्यांत लावले.

४ ऑक्टोबर
दोन्ही कुंड्यांत नवं पान आणि दोन्ही पानांत रेघ!! ओल्या हातांनी यांना ओढत खिडकीपाशी आणलं. बिचारे अर्धी दाढी करून आले होते. "आहे बुवा," म्हणाले, "सरळ आहे." इतकी स्तुती आमच्या लग्नात माझीही झाली नव्हती.

नाव काय ठेवू? यांनी स्वतःचं सुचवलं. काहीतरीच! 'सोनरेघ' ठेवणार मी.

१० ऑक्टोबर
फॉर्म भरला. सगळं झरझर लिहिलं, सातव्या रकान्याशी अडले. "हे झाड आणखी कोणाकडे आहे का?"

ताईकडे अर्धं होतं. पण तिच्या हातून काय जगणार! आणि जगलं असेल, तर विचारायला फोन करावा लागेल.

"नाही" लिहिलं. अक्षर काही बरं आलं नाही.

११ ऑक्टोबर
फॉर्म टाकला पोस्टात. आनंद व्हायला हवा. झालाय. थोडा.

१८ नोव्हेंबर
बाईंचा फोन. फॉर्म परत येतोय. मुख्य नोंदवहीत हीच जात आहे — तीन वर्षांपूर्वीच नोंदलेली! माझं पुस्तकच जुनं निघालं. "मनाला लावून घेऊ नका, त्या नोंदीच्या मूळ फॉर्मची प्रत पाठवते," म्हणाल्या. सोनरेघ गेली. दिवसभरात दोन काचा चुकीच्या कापल्या.

२१ नोव्हेंबर
प्रत आली. अक्षर बघितलं आणि चष्मा पुसून पुन्हा लावला.

जातीचं नाव : चिमटी.

रकाना सातवा : "हो. अर्धं धाकट्या बहिणीकडे आहे. ते माझ्यापेक्षा छान वाढलं असणार, तिला झाडांचं कळतं."

खाली फोन नंबर. तोच, जुना. बघायची गरजच नाही, पाठ आहे. हे विचारतायत रडतेस का. हसतेय हो! थांबा, रिंग जातेय —