मन उतरेपर्यंत

अण्णा, गेल्या गुरुवारी तुमचं वाक्य जसंच्या तसं माझ्या तोंडून निघालं आणि मीच दचकले. "आज फक्त बघायचं. आठ दिवसांनीही हवंसं वाटलं तर घेऊ." समोर माझी मुलगी होती. ही नात तुम्ही पाहिलीच नाहीत. तिला नवे स्केट्स हवे होते, कारण जुन्यांत तिच्या पायाची बोटं दुमडतात.

तुमचा कायदाच होता तो. राजवाड्याच्या बाजारात जायचं म्हटलं की आधी घरी पोटभर जेवायला लावायचात, म्हणजे कचोरीचा वास आला तरी पोरं गप्प. मग दुकानादुकानांतून हिंडवायचात, सगळं हाताळू द्यायचात, आणि रिकाम्या पिशवीनं परत आणायचात. एकदा दुकानदार वैतागला, "भाई साहब, लेना है कि नुमाइश देखने आए हो?" तुम्ही हसत म्हणालात, "भिया, अभी तो मन बना रहे हैं." आणि खरंच, आठ दिवसांत बहुतेक वस्तूंवरून मन उतरायचं. काचेच्या कपाटातल्या त्या माउथ ऑर्गनवरून मात्र उतरलं नाही. आठवडाभर मी कंगवा ओठांशी धरून तोच वाजवत होते. गुरुवार येतो, तुम्ही चपलेत पाय घालता आणि विचारता, "काय मग, घ्यायचा ना?" तुमचा चेहरा इतका ओढलेला असतो की मी म्हणते, "नको अण्णा, मन उतरलं." केवढे खूश झाला होतात! आईला हाक मारून सांगितलंत, "ऐकलं का, पोरगी शहाणी झाली. शाब्बास!"

दिवाळीनंतर ह्यांची नोकरी गेली. सुदामा नगरच्या या भाड्याच्या घरात आता तुमचाच कारभार चालतो. डाळीला उकळी आली की गॅस बंद आणि वर ताट. रविवारी पोहे घरचेच, जिलबीचं नाव काढायचं नाही. मोबाइलवरच्या सिनेमांच्या वर्गण्या बंद केल्या. ऑफिसला बसनं जाते आणि स्टॉपपर्यंत चालणं तब्येतीला बरं, असं सगळ्यांना सांगत फिरते. एवढं करूनही महिना पुरत नाही. वाचते ती चिल्लर, आणि जातं ते घरभाडं आणि शाळेची फी. त्यांच्यावर ताट झाकून भागत नाही. माझे हात टेकलेत, अण्णा. तुम्हाला आणखी काही ठाऊक होतं का, जे मला शिकवायचं राहिलं?

आज पुन्हा गुरुवार. ती शाळेतून आली, दप्तर ठेवलं, माझ्याकडे जरा बघत राहिली. मी विचारलं, "काय मग, जायचं ना दुकानात?"

"रहने दो ना आई," ती म्हणाली. "मन उतर गया. वैसे भी स्केटिंग बोरिंग आहे."

खाली कॉलनीच्या रस्त्यावर तिच्या मैत्रिणी चाकांवर पळत होत्या, त्यांचा आरडाओरडा वर येत होता. तिनं पडदा ओढून घेतला. ऊन येतंय म्हणाली. ऊन केव्हाच पलीकडे गेलं होतं.

माउथ ऑर्गनच्या वेळी मी खोटं बोलले, हे तुम्हाला कळलं होतं का? नसेलच कळलं, असं मी आजवर धरून चालले होते, आणि त्यात मला बरं वाटायचं. हे पत्र कुठे टाकायचं नाही, घडी करून फाडून टाकेन. पण मला आज तिच्याकडे बघताक्षणीच कळलं होतं. कळल्यावर आधी सुटल्यासारखं वाटलं, आणि मग मी तिला शाब्बास म्हटलं.