पाहुण्यांसाठी जपलेला गालिचा

सोमवार, संध्याकाळ

पयले नात आली, सूनबाई मागून. पोरगी धावतच आली अन् गालिच्यावर लोळली. मले कोण आनंद! वर्षभर पलंगाखाली गुंडाळून ठेवला होता, त्यायच्यासाठीच. पण पोरगी शिंकून शिंकून लाल झाली.

सून म्हणे, "आई, काहून अंथरला हा? किती धूळ हाय! पोरीले दम लागते, ठाऊक हाय ना?"

"नवाच हाय तो, कोणी पाय नाही ठेवला त्याच्यावर," म्या म्हटलं.

मुक्काम सोडून बसनं मंगरूळले परत गेले. पुरण तसंच पडलं.

मंग गालिचा भिंतीवर टाकून काठीनं झोडला. एवढी धूळ निघाली का मीच शिंकून राह्यली. कोणी पाय नाही ठेवला, पण म्या ऊन तरी कुठं दाखवलं? सून खरं बोलली, तेच झोंबून राह्यलं.

रविवारी येतो म्हणाले. मुक्कामाले नाही.