एक जूनचे पाच गुण

गंगाखेड,
५ जून २०२२

ती. मामांस,
दैवशालाचा सा. न. वि. वि.

फोन केला नाही, कारण तुमच्या कानातलं यंत्र फोनवर शिट्टी मारतं आणि मग आपण दोघंही नुसते ओरडत बसतो. शिवाय मी वसतिगृहात गेले तेव्हा महिन्याला एक पत्र ही अट तुम्हीच घातली होती. ती मोडायची माझी काय बिशाद!

इकडे सगळे खुशाल. मल्हार, म्हणजे तुमचे जावईबापू, शेळ्यांत रमलेत. गेल्या आठवड्यात चार करडं झाली, एकाचं नाव मामींच्या नावावरून ठेवलंय. कुठल्या गुणावरून ते विचारू नका.

आता मुद्द्याचं. मी दोन वर्षं ऑस्ट्रेलियाच्या मागे लागलेय हे तुम्हाला ठाऊक आहेच. तिथलं सरकार शिकलेल्या माणसाला कामासाठी बोलावतं, पण आधी गुण मोजतं. वयाचे, शिक्षणाचे, इंग्रजीचे, अनुभवाचे. बेरीज पासष्ट झाली तरच नाव घेतात. इथं प्रयोगशाळेत मातीच्या पुड्या तपासण्यात माझी सात वर्षं गेली. मी शिकले ते गवताचं, कुरणाचं. उन्हाळ्यात आईच्या मेंढ्यांनी काय खायचं, याचं. ते काम तिथं आहे. मला ते लय हवं आहे मामा, तुमच्यापासून काय लपवू?

वहीत माझी बेरीज बरोबर पासष्ट होती. वयाचे तीस, पदवीचे पंधरा, इंग्रजीचे दहा, अनुभवाचे दहा. परवा संगणकावर माहिती भरली तर साठ! तीनदा भरली, तरी साठच. मग उजेड पडला. तेहतीस पूर्ण झाली की वयाचे पाच गुण जातात. मी चालले होते घरच्या हिशेबानं. आई सांगते तसा माझा जन्म पौषातला, संक्रांतीच्या आगेमागे, सोनपेठजवळ गोदावरीच्या, आपल्या गंगेच्या काठी मेंढरांच्या तळावर. म्हणजे अजून जानेवारीपर्यंत सवड. पण पासपोर्टवर १ जून १९८९ आहे, आणि मी माहिती भरली तीन जूनला. कागदावर दोन दिवसांपूर्वीच तेहतीस पूर्ण झाली होती आणि मला पत्ताच नाही. त्या तारखेला आपल्या घरात कधी कुणी साखर तरी हातावर ठेवली आहे का?

आमच्या वर्गातली तेवीस पोरं एकाच दिवशी जन्मलेली. बोरीच्या सुईणीची त्या दिवशी काय धांदल उडाली असेल! शाळेत माझं नाव घालताना ती तारीख तुम्हीच लिहिलीत, हे मला माहीत आहे. रागावले नाही. पण रडले, हेही खरं.

मामींना नमस्कार. लोभ आहेच, जमल्यास त्यात पाच गुण वाढवावेत.

तुमची भाची,
दैवशाला

---

बोरी,
१४ जून २०२२

चि. सौ. दैवशाला हीस,
अ. उ. आशीर्वाद.

पत्र पोचलं. चारदा वाचलं. विनोद कळला, हसू आलं नाही.

काल शाळेत जाऊन प्रवेशाचं जुनं रजिस्टर काढायला लावलं. शाई निळी, अक्षर माझं. त्या काळी जन्माची नोंद कुणाकडे नसायची. आम्ही मास्तर लोक पोराचा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला लावून बघायचो. हात कानाला पोचला की सहा वर्षं पूर्ण, घाला एक जून. ही आमची पद्धत. आम्हाला त्यात काही वावगं वाटायचं नाही. तीस वर्षांनी कुठल्या मुलखातला संगणक ती तारीख वाचील, हे कुणाला माहीत होतं?

पण तुझी गोष्ट वेगळी आहे. तुझ्या बाबतीत चूक माझी एकट्याची आहे आणि ती मीच निस्तरणार. बुधवारी जिंतूरला जाऊन स्टॅम्पपेपर आणला. रायभान मास्तरानं नोकरीत असताना जाणूनबुजून खोटी तारीख लिहिली, असं त्यावर लिहून देतो. वकील म्हणाले, कोर्टात उभं राहावं लागेल, लोक नाही नाही ते बोलतील. बोलू देत. पेन्शनचं जे व्हायचं ते होवो. चौऱ्याहत्तरीत माणसाला आणखी काय लागतं? तू फक्त कोणते कागद हवेत ते कळव.

जेवणाखाण्याची हेळसांड करू नकोस. जावईबापूंना आशीर्वाद.

मामा

---

बोरी, पंधरा जून

दैवशालाला मामीचा आशीर्वाद.

मी चाळिशीत साक्षरतेच्या वर्गात शिकले, म्हणून अक्षर वाकडं हाय. समजून घे. हे पत्र तुज्या मामांना न सांगता टाकायले.

त्यांनी चार दिस झाले धड घास खाल्ला न्हाई. ताटावर बसतेत न् उठतेत. पोरीचं वाटोळं केलं, एवढंच बोलायलेत. आता तूच काय ते सांग त्यांना, माजं कोण ऐकतंय!

ते तुला सांगणार न्हाईत, म्हणून मी सांगते. त्या साली तुजा हात कानाला पोचलाच न्हवता. दोन बोटं कमी पडला. मी तितंच उभी होते. पुढच्या साली घालू, असं हेडमास्तर म्हणले. पण तुजी आई पोटुशी होती. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन गंगेकडं जायची, तुला बाळ सांभाळायला संगं न्यायची. एकदा पोरगी तळावर गेली की तिची शाळा कुटली? तुज्या मामांनी हेडमास्तरच्या हातचं रजिस्टर ओढून घेतलं न् स्वतः लिवलं. शाळेत नाव लागलं म्हणून तू आमच्यापाशी ऱ्हायलीस. नोकरी जाती का काय म्हणून आमी दोघं महिनाभर भ्यालो.

भिवराबाई, तुजी आई, खुशाल हाय. ऑस्ट्रेलियात माणसापरीस मेंढरं जास्त हायेत हे ऐकून म्हणली, मग पोरीला करमंल.

त्या करडाचं नाव बदल. मी एवढी बोंबलत न्हाई.

पंचफुला

---

गंगाखेड,
२८ जून २०२२

ती. मामा आणि ती. मामींस,
दैवशालाचा सा. न. वि. वि.

मामा, हे पत्र हातात पडताच आधी जेवून घ्या. भाकरी खाल्ल्याशिवाय पुढची ओळ वाचायची नाही. मामींनी चुगली केली आहे, त्यांच्यावर चिडू नका, नाहीतर मी गंगाखेडहून येऊन भांडेन.

माझा हात कानाला पोचला नव्हता, हे मला आज या वयात कळतंय! मी ते पत्र वाचलं आणि प्रयोगशाळेच्या पायरीवर बसून राहिले. माझ्या पाठचा महादू त्याच साली झाला. त्याला सांभाळायला माझ्याच वयाची सख्खी चुलतबहीण तळावर गेली. तिची माझी भेट मागच्या दिवाळीत झाली. तिनं मला मोबाईलवर मुलाचं नाव टाकून द्यायला सांगितलं, कारण तिला अक्षर येत नाही. मी नाव टाकून दिलं आणि घरी येऊन विसरले. आता विसरता येणार नाही. तिच्या जागी मी असते, मामा. दोन बोटांचाच फरक होता.

तर ते कोर्टाचं डोक्यातून काढा. तारीख बदलायची म्हणजे दहावीपासून पासपोर्टापर्यंत सगळं बदलायचं, तोवर खरी जानेवारीही निघून जाईल. आणि उद्या झटक्यात होत असलं तरी मला नको आहे. ज्या तारखेनं मला शाळा दिली तिला खोटी म्हणून तुम्ही कोर्टात मान खाली घालणार आणि त्या पाच गुणांवर मी विमानात बसणार? असं विमान मला नको.

आता ऐका. गुणांचा तक्ता मी शंभरदा वाचला असेल, पण तळाची एक ओळ नेहमी सोडून द्यायचे. तिथं राहणाऱ्या लोकांच्या भाषांची परीक्षा असते. एक माणूस इंग्रजी बोलतो, दुसरा त्याची भाषा, आणि आपण मधे बसून याचं त्याला आणि त्याचं याला सांगायचं. नव्वदपैकी त्रेसष्ट मिळाले की पाच गुण. त्या ओळीत आपलं काय असणार, असं वाटायचं. परवा यादी उघडली. यादीत मराठी आहे, मामा! मी टेबलावर हात आपटला तर शेजारच्या बाईंच्या हातातली परीक्षानळी पडता पडता वाचली.

तिसरीत असताना आईला ताप आला होता, आठवतं? जिंतूरच्या दवाखान्यात डॉक्टर पुस्तकी बोलत होते, आई तिच्या बोलीत. मी मधे उभी. आई म्हणाली, पोटात कालवायलंय. मी डॉक्टरांना सांगितलं, मळमळतंय. बाहेर आल्यावर तुम्ही मला शाबासकी दिलीत आणि वर म्हणालात, आईचा शब्द हलका समजायचा नाही, तो फक्त दुसऱ्या माणसाला कळेल असा करायचा. हीच तर परीक्षा आहे. मी सातव्या-आठव्या वर्षापासून तीच देत आलेय.

सप्टेंबरची तारीख घेतली आहे. आशीर्वाद पाठवा, आणि भाकरी खाल्ल्याचं लेखी कळवा.

तुमचीच,
दैवशाला

---

बोरी,
६ जुलै २०२२

चि. सौ. दैवशाला हीस,
अ. उ. आशीर्वाद.

दोन भाकरी आणि पिठलं खाल्लं. लेखी कळवलं.

आता तयारी. दर रविवारी इकडे ये. भिवराबाई पेशंट होईल, मी डॉक्टर होईन, तू मधे बस. माझं इंग्रजी जिल्हा परिषदेचं आहे, पण आवाज खणखणीत आहे. भिवराबाईला सांगितलं तर ती म्हणते, दुखणं कोणतं घेऊ ते आधी ठरवा, उगाच खोटं कण्हायला मला जमायचं नाही. बँक, भाडेकरार, पोलीस ठाणे, असे विषय मी वहीत काढून ठेवले आहेत. पोलीस व्हायला तुझी मामी एका पायावर तयार आहे.

स्टॅम्पपेपर कपाटात ठेवला आहे. फेकवत नाही.

मामा

---

गंगाखेड,
१० डिसेंबर २०२२

ती. मामा-मामींस,
दैवशालाचा सा. न. वि. वि.

नव्वदपैकी एक्क्याऐंशी, हे तर नोव्हेंबरात कळवलंच होतं. त्यावर मामांनी, नऊ कुठे गेले, असं पत्र पाठवलं होतं. मास्तर ते मास्तरच!

आजची बातमी मोठी आहे. बोलावणं आलं. पासष्ट गुणांवर, ना एक जास्त ना एक कमी. आता अर्ज, तपासण्या, मग व्हिसा. अजून बरेच महिने जातील, पण दार उघडलं. मल्हारनी ऐकलं आणि शेळीच्या गळ्यात पडून रडले, माझ्या नाही. ह्या माणसाला तिकडे मेंढ्यांत सोडलं की झालं.

मामा, जे पाच गुण तुमच्या अक्षरानं गेले ते तुमच्याच शिकवणीनं परत आले, असं मी सगळ्यांना सांगत सुटलेय. पण खरं सांगू? ते गेलेच नव्हते. त्या तारखेमुळे शाळा, शाळेमुळे पदवी, पदवीमुळे नोकरी. पासष्टच्या पासष्ट तुमचे आहेत. माझ्या बापानं मला मेंढरं राखायला शिकवलं, त्याचीही मी ऋणी आहे. पण मला दुसरा रस्ता दाखवणारे तुम्ही. तुमचे पाय धरायला येतेच आहे, तोवर या कागदावर डोकं ठेवते.

तुमची,
दैवशाला

---

बोरी,
१८ डिसेंबर २०२२

(स्टॅम्पपेपर वाया घालवणं मास्तराला शोभत नाही, म्हणून त्यावरच लिहीत आहे.)

प्रतिज्ञापत्र

मी, रायभान, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा निवृत्त शिक्षक, राहणार बोरी, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की,

सौ. दैवशाला ही माझी भाची आहे. तिचा एक जन्म पौष महिन्यात सोनपेठजवळ मेंढरांच्या तळावर झाला. त्याला साक्ष तिची आई. तिचा दुसरा जन्म जून महिन्यात बोरीच्या शाळेत, पहिलीच्या वर्गात झाला. त्याला साक्ष मी. रजिस्टरात मी या दुसऱ्या जन्माची तारीख लिहिली. ती खोटी आहे असं मी गेले सहा महिने समजत होतो. तो समज मी आज मागे घेतो.

त्या वेळी तिचा हात कानाला दोन बोटं कमी पडला होता, हेही कबूल करतो. तेवढी एक तपासणी माझ्याकडून राहून गेली आहे. तरी सदर मुलीनं परदेशी जाण्याआधी बोरीला यावं, माझ्यासमोर उभं राहावं, आणि डोक्यावरून हात नेऊन कानाला लावून दाखवावा.

वरील मजकूर मी शुद्धीवर असताना, पोटभर जेवून, कुणाच्याही दबावाशिवाय लिहिला आहे.

रायभान मास्तर

साक्षीदार:
भिवराबाई, डाव्या हाताचा अंगठा
पंचफुला, सही