भासऱ्यांचा बोनस

३ सप्टेंबर
भासरे परवा येणार. ह्यांचा सख्खा मोठा भाऊ, पण कलेक्टर यावा तसं हे आजपासूनच अंगण झाडून राहिले. भा.चा जन्म जवाहरनगरच्या फॅक्टरी क्वार्टरात गेला. सातबारा त्यांच्या नावावर, चिखल आमच्या. धानाचा सरकारी बोनसही त्यांच्याच खात्यात. मागच्या साली "अर्धा तुमचा" म्हणाले होते. दिवाळीला सोनपापडीचा डबा आला, तोही चेपलेला.

यंदा शेतात, आपल्याच बांधीत उभं राहून मोबाईलवर धानाचा फोटो काढायचा. तो सरकारच्या अ‍ॅपवर चढला तर नोंद, नोंद असली तर बोनस. हे म्हणाले, मी काढतो. भा. फोनवर, "माह्या नावाचं काम तुह्या हातात कायले देऊ?"

५ सप्टेंबर
आले. पांढरे बूट! हे युरियासाठी लाखांदूरला. मी बांधीत निंदत होते, पदर डोक्यावर. आमच्यात भासऱ्यांशी बोलायचं नाही, तोंडसुद्धा दाखवायचं नाही. लग्न झालं तेव्हा त्यांनीच सासूबाईंच्या तोंडून बजावलं होतं.

बूट जपत धुऱ्याच्या बांधावरून गेले आणि शेजारच्या तुकारामच्या बांधीत उभे राहिले. त्याच्या धानाचा फोटो घेतला. मग स्वतःचा, छाती काढून. बापाची बांधी ओळखता येत नाही, आणि म्हणे मालक.

हाक मारायची होती. पण रीत पडली ना! निंदत राहिले. हसू आवरेना.

१० सप्टेंबर
नोंद परत आली. भा.चा ह्यांना फोन, आवाज घरभर.
"दुसऱ्याच गटातला फोटो हाय म्हनते. तुही बायको तं तिथंच होती! तिले सांगता नाही आलं?"
"ती तुमच्यासंग बोलत नाही ना, दादा."
एवढं बोलले हे. वाटलं, आज पुरुष झाले. लगेच पुढे, "मी दाखवतो, या तुमी."
झालं.

१२ सप्टें.
ह्यांना म्हटलं, दाखवायच्या आधी अर्धा बोनस मागा. "अन् दादानं बांधी दुसऱ्याले देल्ली तं?"
ती भीती मलाही आहे. बांधी गेली तर मग दुसऱ्याच्या रोवण्याला मजुरीनं जायचं. पण धान लावला मी, पाण्यासाठी बोडीवर भांडले मी, आणि फोटोत बूट?

१३ सप्टें.
ह्यांना सानगडीला नणंदेकडे पाठवलं. जाताना म्हणाले, "दादा आला तं?" म्हटलं, मी आहे ना. काय समजले देव जाणे. फोन घरीच विसरले. म्हणजे पिशवीतून मीच काढून ठेवला.

१४ सप्टें.
उद्या फोटो चढवायची शेवटची तारीख. भा. दुपारी गाडी घेऊन आले. आज चप्पल. मी दाराआड. अंगणात खाकरले, घसा साफ केला, पुन्हा खाकरले. गावात कोणाला विचारावं तर गाव हसेल, तेवढी अक्कल आहे.

शेवटी, "पिंकीची माय, आपली बांधी कोनती, ते दाखवून दे ना."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्याशी बोलले. पदर मागे टाकला, बाहेर आले, तोंडाकडे बघून सांगितलं, "अर्धा बोनस आमच्या खात्यात. अन् बांधी आमच्याकडंच राहीन. कबूल असन तं चाला."

तोंड उघडंच राहिलं त्यांचं. बोनसपेक्षा मी बोलले ह्याचाच धक्का जास्त. मग, "इचार करा लागन," म्हणून गाडीत जाऊन बसले. काच वर.

हे आल्यावर काय होईल कोणास ठाऊक. गाडी अंगणातून हललेली नाही. चहा ठेवावा की ठेवू नये, तेच कळत नाही.